आप्पांच्या खुर्चीपुरतं होम थिएटर: प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

टीव्हीवर आवाजाचा आकडा ४६. आई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडली तरी आप्पांना पत्ता नाही. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर धरलं तर ७८ डेसिबल. ॲपवर माझा फार विश्वास नाही, पण पाच-सहा इकडेतिकडे धरले तरी हा आकडा घरातल्या बातम्यांचा नव्हे, रस्त्याचा आहे. आणि एवढं करून आप्पांची तक्रार एकच: "आवाज येतोय रं, बोलत्यात काय ते कळंना."

आप्पा तीस वर्षं फौंड्रीत होते, त्यातली बरीचशी फेटलिंगला. कास्टिंगवर वाढलेला माल छिन्नीनं पाडायचा, कडा ग्राइंडरवर घासायच्या. कानात कापसाचा बोळा, तोही आठवण झाली तर. गेल्या वर्षीच्या ऑडिओग्राममध्ये (कानाच्या तपासणीच्या आलेखात) रेघ १००० हर्ट्झपर्यंत बरी चालते आणि ४००० ला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. गोंगाटानं गेलेल्या कानांचं हे ठरलेलं चित्र. आणि स, श, त, फ यांची धार नेमकी वरच्या पट्टीत, साधारण २००० ते ८००० हर्ट्झमध्ये. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. आवाज वाढवला की त्यांना वाढलेला कळतो तो मुख्यतः स्वरांचा, म्हणून ४६ वर नेऊनही "बोलत्यात काय" राहतंच. श्रवणयंत्र आहे. शोकेसच्या खणात आहे.

ठरवलं की टीव्हीला नीट स्पीकर लावायचे. पासष्ट हजारांच्या वर जायचं नाही. कसोटी एकच: आप्पांना त्यांच्या खुर्चीतून बातम्या कळल्या पाहिजेत आणि आईला त्याच घरात राहता आलं पाहिजे.

आई म्हणाली, "म्हणजे आता घरात डॉल्बी लावतोस?"

बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून लिहून ठेवतो. आमच्याकडं कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला त्या रे डॉल्बींनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. खरखर कमी करणाऱ्याचं नाव आम्ही कशाला दिलं, हे आईला रंगवून सांगितलं. तिनं "व्हय का" म्हटलं आणि भाजी फोडणीला टाकली.

८ जून, रविवार

आप्पांना घेऊन राजारामपुरीत दोन आणि लक्ष्मीपुरीत एक दुकान फिरलो.

पहिल्या दुकानात निळे दिवे लागणारे टॉवर. "बारा हजार वॅट, साहेब!" खोक्यावर बारीक अक्षरात पीएमपीओ. या पीएमपीओला कुठलंच ठरलेलं माप नाही, ज्याला वाटेल तो आकडा छापतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. मी वाद घालणार तेवढ्यात आप्पांनी टॉवर फिरवला आणि मागची पाटी वाचली: वीज १२० वॅट. "मोटार घेताना एचपी पाटीवर बघायचा, दुकानदाराच्या तोंडावर न्हाई." एकशेवीस वॅट खाऊन बारा हजार देणारं यंत्र कुणी केलं असतं तर त्याला दुकानात बसायची गरज पडली नसती.

तिसऱ्या दुकानात साउंडबार ऐकला. मधला वेगळा चॅनल असलेला, संवाद उठवायचं बटण असलेला. चांगला होता. खरं सांगायचं तर मला कुणी विचारलं तर दहातल्या आठ घरांना मी हाच सांगेन: एक वायर, एक रिमोट, विषय संपला. मी घेतला नाही त्याला दोन कारणं. एक, आप्पांची खुर्ची खिडकीकडं एका बाजूला आहे आणि तिथून काय ऐकू येईल ते दुकानात कळत नव्हतं. दुसरं कारण नाद. कोल्हापुरात नाद म्हणजे आवाज नव्हे, हे मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

११ जून, बुधवार

हिशेब. मनात असलेल्या बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८६. आप्पांची खुर्ची तिथून साधारण २.७ मीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, त्या हिशेबानं खुर्चीपाशी एका वॅटला ७७ च्या आसपास. खोलीच्या भिंती थोडं परत देतात ते वेगळं. स्वच्छ बोलण्याला ६५ पुरतात. म्हणजे लागतो एक दशांश वॅटसुद्धा नाही. मध्येच दार आपटलं, गोळी सुटली, वीस डेसिबलची उसळी आली, तरी पाच-सहा वॅट. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट हे खरं, पण सुरुवातच इतकी खाली आहे की ७० वॅटचा रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना ताकद देणारा डबा) आमच्या खोलीला धो धो झाला.

तेव्हा वॅटमागं धावणं बंद. पैसे स्पीकरला, वेळ खोलीला.

१५ जून, रविवार

खोली १४ फूट लांब, ११ रुंद, १० उंच. शहाबादी फरशी, विटांच्या भिंती, वर स्लॅब, एका बाजूला काचेची शोकेस. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की "टर्रर्र" असा चिंचोळा आवाज भिंतींमध्ये फिरत राहतो. समोरासमोरच्या नागड्या भिंतींचं हे काम. निम्मा प्रश्न इथंच आहे: एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर चढतं. चांगल्या कानाचा माणूस ते निवडून घेतो. आप्पांकडं निवडायला शिल्लकच कमी.

खालच्या सुरांचं गणित वेगळं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की खोली कुठल्या सुरावर घुमणार ते कळतं. लांबीसाठी ४० हर्ट्झ, रुंदीसाठी ५१, उंचीसाठी ५६. तिन्ही इतके जवळ की घुमणार हे नक्की. आप्पांची खुर्ची लांबीच्या बरोबर मध्यात होती. तिथं ४० चा सूर जवळपास गायब आणि भिंतीला टेकून बसलं तर दुप्पट. खुर्ची दोन फूट मागं घेतली. आप्पा म्हणाले उजेड कमी पडतो, पेपर वाचता येत नाही. दिवा लावून देतो म्हटल्यावर तह झाला.

१९ जून, गुरुवार

रिसीव्हर पुण्याहून जुना आणला, सहा वर्षं वापरलेला, ५.१ चा (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर), माइकसकट. चारातलं एक एचडीएमआय तोंड मेलेलं निघालं, विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. एआरसीचं, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं आणणारं तोंड जिवंत आहे, आपल्याला तेच हवं. भांडलो नाही.

२२ जून, रविवार

आज सगळ्यात जास्त डोकं सेंटर स्पीकरनं खाल्लं.

बातम्या असोत की सिनेमा, ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळं आमच्या घरात तोच राजा, बाकी सगळे भालदार-चोपदार. बाजारात सेंटर म्हणून मिळतो तो आडवा डबा: मध्ये ट्विटर (वरच्या सुरांचा), दोन बाजूंना दोन वूफर (खालच्या सुरांचे). दिसायला टीव्हीखाली फिट्ट. पण बाजूला बसलेल्या माणसापर्यंत दोन वूफरचा आवाज थोडा मागंपुढं पोचतो आणि मधले काही सूर एकमेकांना खातात. समोर बसणाऱ्याला फरक नाही. आप्पा समोर बसत नाहीत.

म्हणून ठरवलं की पुढचे तिन्ही स्पीकर एकाच जातीचे, तिन्ही उभे. त्यासाठी टीव्ही सहा इंच वर चढवावा लागला. दुकानदार एकटा स्पीकर द्यायला तयार नाही, जोडीच घ्या म्हणतो. दोन जोड्या घेतल्या. चौथ्याचं काय करायचं ते पुढं बघू.

मागचे सराउंड आत्ता नाहीत. बातम्या, कुस्ती आणि मालिकेत पाठीमागून येण्यासारखं काही नसतं.

२९ जून, रविवार

स्टँड. ही नोंद लांबणार.

तयार स्टँडचे भाव ऐकून आप्पा हसले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. ओळखीचं फॅब्रिकेशन. तीन इंची चौकोनी पाईप, तीन मिलिमीटर जाडीचा, खाली दहा मिलिमीटरची प्लेट, वर सहाची. उंची २८ इंच, कारण बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ३८ इंचांवर आला आणि स्पीकरचा ट्विटर त्याच्या तळापासून दहा इंचांवर आहे. ट्विटर कानाच्या रेषेत हवा. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, वरखाली गेलं की पहिला बळी व्यंजनांचा.

वेल्डिंग झाल्यावर आप्पांनी पान्यानं पाईप ठोकला. टण्ण! बराच वेळ वाजत राहिला. "ह्याच्यावर स्पीकर ठेवलास तर हेच गाणं म्हणंल." त्यात वाळू भरतात हे मी वाचलं होतं, सांगितलं. मग आप्पांचा तास सुरू झाला.

मोल्डिंगची काळी वाळू चालणार नाही. तिच्यात बेंटोनाइट (चिकट माती) असतो, कोळशाची पूड असते आणि पाणी असतं. पाईप आतून गंजून जाईल. पाहिजे कोरडी सिलिका, काही न मिसळलेली. ती त्यांनी जुन्या ओळखीवर अर्धं पोतं मिळवली. पण पावसाळा, वाळूला ओल धरलेली. तर आईची लग्नातली मोठी लोखंडी कढई परसात चुलीवर चढवली आणि दोघांनी मिळून वाळू भाजली. उलथन्यानं हलवत, वाफ निघायची थांबेपर्यंत. आई दारात उभी राहून म्हणाली, मीठ घालायचं राहिलं.

थंड झाल्यावर नरसाळ्यानं भरली. एका स्टँडमध्ये पाचेक किलो बसली. भरताना आप्पा दर वेळी बोटानं पाईपवर टिचकी मारत होते: टण्ण, टन्न, टन, ठक, ठप. वरपर्यंत भरला तेव्हा लाकडावर मारल्यासारखा आवाज. ते खुश, आणि मग स्वतःशीच हसले. फौंड्रीत कास्टिंग ठोकून बघायचे ते उलट्या हिशेबानं. बद्द वाजलं की आत तडा, माल बाजूला. एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचा एक प्रकार) खणखणीत वाजलं तरच पास. "तीस वर्षं बद्द वाजला की रिजेक्ट केलं. आता बद्द वाजावं म्हणून वाळू भाजतोय."

४००० हर्ट्झ गेलेल्या कानांनी त्यांनी हे पाचही ठप्पे वेगळे ओळखले. मला तीनच कळले.

२ जुलै, बुधवार

वायर. स्पीकर वायर म्हणून विकतात ती पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. ब्लेडनं खरवडलं की पांढरी चमक दिसते. सरळ इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर मिलिमीटरची दोन पदरी तांब्याची वायर घेतली. सहा-सात मीटरला जाऊन-येऊन पाव ओहमसुद्धा भरत नाही, आठ ओहमच्या स्पीकरला चालून जातं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी खाऊन जोडणीला बसलो. डावा-उजवा साडेआठ फूट अंतरावर, म्हणजे मधल्या जागेवरून प्रत्येकी साधारण २५ अंश. डॉल्बीच्या आराखड्यात २२ ते ३० सांगितले आहेत. सेंटर टीव्हीखाली चौरंगावर. (पूजेचा नव्हे. पूजेच्या चौरंगाला हात लावला होता, तो प्रसंग लिहीत नाही.) चौरंगावर ट्विटर खाली राहतो म्हणून आप्पांनी सागवानाच्या तुकड्याची पाचर तासून दिली, स्पीकर किंचित वर, थेट त्यांच्या तोंडाकडं बघतो.

लावलं. निराशा. आवाज भरपूर, पण बोलणारा माणूस कुठं उभा आहे तेच कळेना, शब्द सगळ्या खोलीत सांडल्यासारखे. आप्पांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आधीचं बरं हुतं."

७ जुलै, सोमवार

सापडलं. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि रिसीव्हरच्या बाजूनं सोडवलेल्या वायरींना एकेक करून क्षणभर टेकवला: धन लालला, ऋण काळ्याला. डाव्याचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) टप्प करून बाहेर आला. सेंटरचाही. उजव्याचा आत गेला. वायरीच्या दोन्ही पदरांवर खूण नव्हती, मी अंदाजानं लावली होती. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, तर मधली माणसं सांडणारच. आता सगळ्या लाल पदरांना आईच्या नेलपॉलिशचा ठिपका आहे.

१३ जुलै, रविवार

आठवडाभर ऐकल्यावर लक्षात आलं की रिसीव्हरच्या पाटीवर कायम "पीसीएम २.०" दिसतंय. म्हणजे सिनेमा ५.१ चा असला तरी टीव्ही त्याचे दोनच चॅनल करून पुढं पाठवत होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" वरून "पास-थ्रू" केलं, सिनेमाच्या ॲपमध्ये ध्वनी ५.१ निवडला, आणि पाटीवर डॉल्बी डिजिटल प्लस उमटलं. साध्या एआरसीला एवढं झेपतं. ट्रू-एचडीसारखं, दाबताना काहीच न गमावणारं हवं असेल तर ई-एआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती लागते. आम्हाला ते नको.

पण आप्पांचं ८० टक्के बघणं सेट-टॉप बॉक्सवर, आणि तिथं आवाज दोन चॅनलचाच. त्यासाठी रिसीव्हरचा अपमिक्सर चालू करायचा: डाव्या-उजव्यात जे समान आहे ते तो मधल्या स्पीकरला देतो, आणि बातमीदार नेहमी समानच असतो. हे केल्याबरोबर निवेदिका टीव्हीच्या पडद्यात जाऊन बसली. खिडकीकडच्या खुर्चीतूनसुद्धा. फक्त डावा-उजवा असता तर बाजूला बसणाऱ्याला ती जवळच्या स्पीकरमधून बोलतेय असं वाटलं असतं.

आप्पा काही बोलले नाहीत. पण "काय म्हणाली?" हे अर्ध्या तासात दोनदाच विचारलं. आधी मी मोजायचं सोडून दिलं होतं.

२० जुलै, रविवार

सबवूफर आला, दहा इंची, बंद खोक्याचा. संवादासाठी लागतो का? थेट नाही. पण ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याला दिलं की छोट्या स्पीकरवरचा भार उतरतो आणि बोलणं मोकळं होतं.

जागा शोधायची रीत चमत्कारिक आहे. सब ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, एकसुरी ठेका लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेनं गुडघ्यावर रांगत फिरायचं. जिथं ठेका सगळ्यात नीट, न फुगता ऐकू येईल ती सबची जागा. तर आप्पांच्या खुर्चीत काळं खोकं विराजमान, आप्पा दाराशी उभे, आणि मी फरशीवर कान लावून. शेजारचा पोरगा खिडकीतून विचारतो, "काकी, दादाचं काय हरवलंय?"

कोपऱ्यात भयंकर गुमगुम. ४० आणि ५१ दोन्ही जागे. डाव्या भिंतीच्या मध्यावर, आईच्या शिलाई मशीनशेजारी, एकदम कोरडं आणि नेमकं. लांबीच्या मध्यावरून ४० चा सूर उठतच नाही, म्हणून. मशीनचे खण थरथरू लागले, त्यात जुन्या बनियनच्या पट्ट्या कोंबल्या.

२७ जुलै, रविवार

टाळीचा "टर्रर्र" अजून तसाच. ध्वनिशोषक फोमच्या पातळ पत्र्यांवर पैसे घालायचे नव्हते. घरात तीन घोंगडी होती, आजोबांच्या वेळची, जाड मेंढीच्या लोकरीची. दोन घोंगडी दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं सुटी राहतील अशी लाकडी पट्टीवर टांगली: एक आप्पांच्या मागं, एक शोकेससमोरच्या भिंतीवर. मागं पोकळी ठेवली की तेच कापड जास्त खातं. फरशीवर सतरंजी. शोकेसच्या काचा सरकवून पुस्तकं पुढं ओढली.

टाळी वाजवली. टप्. एवढंच.

खालच्या सुरांवर याचा काही परिणाम नाही, हे स्पष्ट असू दे. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास असते. तिला अडवायला पाऊण-एक मीटर जाडीचं काहीतरी लागेल. कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करायचा प्रस्ताव मांडला होता. आईनं तो बैठकीत फेटाळला. पण शब्दांची धार वर राहते, आणि वरचं घोंगडं खातं. आजवरच्या सगळ्या खर्चात शून्य रुपयांच्या या कामानं सगळ्यात जास्त फरक पडला, सांगताना जरा लाजच वाटते.

ओलीचा वास येतो. पावसाळा संपला की उन्हात टाकायची.

३ ऑगस्ट, रविवार

मोजणी. माइक आप्पांच्या कानाच्या उंचीवर, जुन्या कॅमेऱ्याच्या तिपाईवर. पंखा बंद, फ्रिज बंद. दिवसा गल्लीत हॉर्न थांबत नाहीत म्हणून पहाटे साडेचारला उठलो. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून "व्हीऽऽप" अशी शीळ सोडतो आणि अंतर, पातळी, खोलीचे चढउतार टिपतो. तिसऱ्या जागेला गल्लीतली कुत्री सामील झाली, परत केलं. सकाळी समोरच्या काकांनी विचारलं की तुमच्याकडं रात्री कसला पक्षी ओरडत होता.

निकालात दोन गोष्टी हातानं बदलल्या. पुढचे स्पीकर त्यानं "लार्ज" (खालचे सूरही झेपणारे) ठरवले होते, ते "स्मॉल" करून ८० हर्ट्झवर कापले. सेंटर ३ डेसिबल वर घेतला. सबचं अंतर त्यानं सोळा फूट दाखवलं, टेपनं मोजलं तर सहा भरतं. ते मात्र तसंच ठेवलं. सबच्या आतल्या फिल्टरमुळं आवाज उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून लिहितो. मशीन बरोबर, टेपही बरोबर.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काम काही नाही. केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्याला आज वर्ष झालं. १९१५ सालची वास्तू, शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर. आप्पा जेवताना म्हणाले की शेवटच्या रांगेत बसून नटाचा श्वास ऐकलाय. मग थोड्या वेळानं, "तवा कान हुतं म्हणा."

१७ ऑगस्ट, रविवार

चार दिवस बारीक "हंऽऽऽ". सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की बंद, लावली की सुरू. केबल बाहेरून वेगळं अर्थिंग घेऊन येते आणि घराचं वेगळं. दोन्हींच्या मधल्या फरकाचा तो ५० हर्ट्झचा हुंकार. कुणीतरी सांगितलं प्लगची तिसरी पिन काढ. ते कधीही करू नये, गळलेली वीज जमिनीत जायची वाट तीच. वायरमनला बोलावलं. घराचं अर्थिंगच नावाला होतं, परसात नवा खड्डा घेतला, मीठ-कोळसा घातला. सगळी यंत्रं एका बोर्डवर आणली, केबलला आयसोलेटर (दोन अर्थिंगांची जोड तोडणारा) लावला. शांत.

२४ ऑगस्ट, रविवार

चौथा स्पीकर स्वयंपाकघरात, फडताळावर. रिसीव्हरच्या झोन-२ ला (दुसऱ्या खोलीच्या वेगळ्या आवाजाला) मोनो करायची सोय आहे आणि त्याच्यात एफएम पण आहे. आई आकाशवाणी कोल्हापूर ऐकते. तिच्या लेखी या अख्ख्या प्रकल्पातलं हेच एक कामाचं.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. मिरजकर तिकटी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, तिथून महाद्वार रोडकडं मिरवणूक, आणि आजही ती संपलेली नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे नियम २००० सालापासून आहेत. मध्यरात्री खिडकीपाशी ॲप ९८ ला जाऊन अडकलं. त्याच्यापुढं मोबाइलचा माइक मोजतच नसावा. शोकेसच्या काचा, भांड्यांची मांडणी, शिलाई मशीनचे बनियन कोंबलेले खण, सगळं थरथरत होतं. आमचा सब बिचारा बंद होता.

आप्पा खुर्चीत बसून छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे मातर मलाबी ऐकू येतंय."

१० सप्टेंबर, बुधवार

शेवटची मोजणी. सात वाजताच्या बातम्या, आप्पांनी स्वतः लावलेला आवाज. उंबऱ्यावर ६४ डेसिबल. जूनमध्ये ७८ होते, त्याच ॲपवर, त्याच जागी.

मी मोबाइल हातात घेऊन तिथंच उभा असताना आईनं आतून एकदाच, साध्या आवाजात विचारलं, "अहो, चावी कुठं ठेवलीसा?" आप्पांनी टीव्हीवरची नजर न काढता लगेच उत्तर दिलं.

"नको, आत्ताच झालाय चहा."

श्रवणयंत्र खणातून काढून पुसलं. सेल संपलेत. उद्या आणायचे: ३१२ नंबरचे, तपकिरी पट्टीचे.